वन्सं, रेडिओ बारीक केलाय

वन्सं, तुमच्या वेळेला आता रेडिओवर एक माणूस बागकामाबद्दल बोलतो. रोज दुपारी दोनला. फ्लॅटच्या कॉरिडॉरमध्ये ऑर्किड कसं जगवायचं, कुंडीखालच्या बशीत पाणी साचलं की डास कसे होतात, खत कधी घालायचं. माणूस सज्जन आहे, आवाजही बरा आहे. पण लोक त्याला फोन करून विचारतात काय, तर माझं लिंबाचं झाड इतकं तरारलेलं दिसतं, मग त्याला फळ का धरत नाही? पहिल्या दिवशी हे ऐकलं आणि मला हसूच आलं. ते काही केल्या थांबेना, आणि त्याचं रडं कधी झालं ते माझं मलाच कळलं नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "शुभा, प्रश्न तोच आहे गं, फक्त कुंडीत लावलाय." स्टेशनवरून मला विचारलंय, बागेच्या तासालाही फोन घेशील का म्हणून. मी अजून हो म्हटलेलं नाही.

'वन्सं' म्हटलेलं तुम्हाला कधीच आवडलं नाही. "वन्सं काय, आपण संगीत नाटकात आहोत का? ताई म्हण, नाहीतर सरळ नावानं हाक मार," असं मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तुम्ही सुनावलं होतंत. मी ऐकलं नाही. ताई म्हटलं की माणूस जवळचं होतं आणि जवळच्या माणसाला सगळं सांगावं लागतं, एवढी अक्कल मला तेव्हाही होती. नवऱ्याच्या मोठ्या बहिणीला मान द्यावा, चहा द्यावा आणि आपलं आपल्याजवळ ठेवावं. आता तुम्ही नेमक्या अख्ख्या सिंगापूरचं सगळं ऐकून घेणाऱ्या निघालात, त्याला मी काय करणार!

मुग्धा दिवसभराच्या शाळेत जायला लागली, तुमचा भाऊ जहाजावर, आणि जुरोंग ईस्टच्या त्या फ्लॅटमध्ये मी आणि दाराची लोखंडी जाळी एवढंच उरलं, तेव्हा तुम्हीच मला तुमच्या रेडिओ स्टेशनवर, नवरा-बायकोच्या अडचणींच्या तुमच्या त्या कार्यक्रमात चिकटवलंत. माझा डिपेंडंट पास, म्हणजे तुमच्या भावाच्या पासाला गाठ मारून आलेला. त्यावर नोकरी करायची तर वेगळी परवानगी लागायची. त्यासाठीची धावपळही तुम्हीच केलीत. काम सोपं होतं. फोन घ्यायचा, नाव विचारायचं नाही, फक्त एरिया विचारायचा, प्रश्न दोन ओळींत कार्डावर लिहायचा आणि ते कार्ड तुमच्या-माझ्यामधल्या काचेला लावायचं. मग फोनवरच्या माणसाला सांगायचं, तुमचा रेडिओ बारीक करा. कारण कोणी भलतंसलतं बोललं तर कापता यावं म्हणून आपला सगळा कार्यक्रम थोडा उशिरानं हवेत जायचा. घरातला रेडिओ मोठा असला की माणसाला मागून स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, आणि मग तो घाबरून गप्प व्हायचा.

त्यानंतर तुम्ही. तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. "फर्स्ट यू सिट डाउन. नाऊ टॉक." आधी बसा, आता बोला. लोक खरंच उभे असायचे हो! टेलिफोनची वायर बोटाला गुंडाळत, दाराकडे बघत. तुम्ही म्हटलंत की पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा आणि मग सुटका झाल्यासारखा एक श्वास. लग्नाला वीस वर्षं झालेल्या बायका, लग्न ठरलेले पोरगे, टॅक्सीवाले अंकल. कोणाच्या प्रश्नाला हसला नाहीत आणि कोणाला उपदेशही केला नाहीत. चाळिशी उलटलेल्या कुठल्याही बाप्यानं "डॉक्टर आँटी, आय नो मोअर फीलिंग लाह" म्हणून गाऱ्हाणं सुरू केलं की तुम्ही मध्येच थांबवायचात, "अंकल, फर्स्ट गो चेक युवर शुगर. शुगर फर्स्ट, बेड लेटर." ते इतकं पाठ झालं होतं सगळ्यांना की आपण जेवायला जायचो तिथला कॉफीवाला तुम्हाला बघितलं की लांबूनच "शुगर फर्स्ट!" ओरडायचा. आणि जहाजावरच्या लोकांच्या बायकांना तुमचं वेगळं सांगणं होतं. नऊ महिन्यांनी आलाय ना, मग पहिले काही दिवस त्याला घरात चमचे कुठे असतात ते शोधू दे. आधी घर ओळखीचं होऊ दे त्याच्या, मग तू होशील. असल्या प्रश्नाचं कार्ड मी काचेला लावायची आणि तुमचं उत्तर ऐकताना मान खाली घालून पुढच्या फोनचं बटण दाबायची.

कारण माझ्याच घरात चमचे सापडले तरी पुढे काही होत नव्हतं. तुमचा भाऊ बोटीवरून यायचा, मुग्धासाठी चॉकलेटं, माझ्यासाठी साडीचं कापड, आणि रात्र झाली की हॉलमध्ये सोफ्यावर. "इंजिनरूमच्या आवाजाची सवय आहे गं, बेडरूममध्ये फार शांत वाटतं." टीव्ही चालू ठेवून झोपायचे. मी आतल्या खोलीत त्या टीव्हीचा आवाज ऐकत पडायची. सुरुवातीला वाटलं थकवा असेल. मग वाटलं मी जाड झालेय. मग जे वाटायला लागलं ते तुम्हाला माहीत आहे. त्यांची बॅग उघडली की मी आधी शर्टांचा वास घ्यायची. डिझेलचाच यायचा. दर वेळी डिझेलचाच कसा काय येतो, म्हणूनही संशय यायचा!

आणि बाहेर तर आनंदच. मराठी मंडळाच्या गणपतीत तुम्ही आलात की पुरुष तुमच्या शेजारची खुर्ची सोडून बसायचे, जणू बसल्या बसल्या तुम्ही त्यांना तपासणार होतात. बायका मात्र एकेक करून स्वयंपाकघरात तुम्हाला गाठायच्या. "माझ्या एका मैत्रिणीचं आहे हं, डॉक्टर," अशी प्रस्तावना. तुम्ही मोदकाच्या पातेल्यावरचं झाकण उचलत गंभीरपणे त्या मैत्रिणीची तब्येत ऐकून घ्यायचात. आणि त्याच बायका बाहेर येऊन मला विचारायच्या, "काय शुभा, मुग्धा एकटीच? दुसऱ्याचं काय? तुमच्या तर घरातच डॉक्टर, मग घोडं अडलंय कुठे?" मी हसायची. ते हसू तोंडावर चिकटवून चिकटवून माझे गाल दुखायचे. सोडून जावं असंही मनात आलं. पण जायचं म्हणजे पुण्याला जाऊन सांगायचं काय? मारत नाहीत, पीत नाहीत, मुलीवर जीव टाकतात, मग झालं तरी काय तुला? याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते माझ्या आईसमोर बोलता येईल असा शब्द माझ्याकडे नव्हता. मुग्धाला नुसतं विचारून पाहिलं, पुण्याला राहायला गेलो तर? ती परीक्षेच्या पुस्तकातून मान वरही न करता म्हणाली, "मम्मी, क्रेझी आह? माय ओ-लेव्हल्स हाऊ?" आणि त्यांच्यापासून वेगळी होऊन इथेच राहायचं तर तो पास. सगळ्या बाजूंनी जाळी लागलेली होती वन्सं, आणि समोर काच. काचेपलीकडे तुम्ही, कोणालाही सोडवू शकणाऱ्या.

शब्द नाहीत म्हटलं त्यावरून ती बाई आठवली. आठवते ना? फोनवर माझं इंग्रजी ऐकून एकदम म्हणाली, "तुम्ही मराठी का हो?" आणि रडायलाच लागली. तिला रेडिओवर यायचं नव्हतं. नवरा बोटीवर सेकंड इंजिनिअर, घरी आला की जवळ येतो पण तिला नुसता त्रास होतो, दुखतं, आणि हे ती आजवर कोणाला बोलली नव्हती. कार्यक्रम संपल्यावर तुम्ही तिला परत फोन लावायला सांगितलात. मी शेजारीच होते. तुम्ही, ज्या रोज तासभर इंग्रजीत शरीराच्या कुठल्याही कोपऱ्याचं नाव भाजीच्या नावासारखं घेता, त्या तुम्ही अडखळलात. "म्हणजे बघ, ते… ती जागा… आधी म्हणजे…" सगळं मराठी संपलं तुमचं. एक शब्द सुचला तो शिवीतला होता, दुसरा सुचला तो शाळेच्या पुस्तकातला. शेवटी तुम्ही तिला म्हणालात, "हे बघ बाळ, मला नीट सांगता येत नाहीये, पण तुझं काही चुकलेलं नाही आणि याला औषध आहे. तू उद्या माझ्याकडे ये." फोन ठेवलात आणि हसत सुटलात, आणि चष्मा काढून डोळे पुसलेत. "दोन देशांतल्या डिग्र्या आहेत गं माझ्याकडे, आणि आईच्या भाषेत एक वाक्य धड येईना." मला तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्यासारख्या वाटलात. त्या दिवशी मी तुम्हाला ताई म्हणणारच होते.

म्हटलं नाही, कारण त्याच रविवारी तुमचं-माझं साखरेवरून पुन्हा वाजलं. आपलं ते भांडण तर किती वर्षांचं! दर रविवारी तुम्ही बुकित पंजांगहून बस बदलत आमच्याकडे जेवायला यायचात, आणि एका रविवारी काय अंगात आलं कोण जाणे, ओट्यावरचा माझा साखरेचा स्टीलचा डबा उचललात आणि चक्क आपल्या पिशवीत टाकलात. "आजपासून या घरात बिनसाखरेचा चहा. सगळ्यांच्याच तब्येतीला बरं." मला वाटलं चेष्टा आहे. पुढच्या रविवारी नवी पिशवी दिसली तर तीही गेली. माझ्या घरात, माझ्या चहात, साखर घालायची की नाही हे बुकित पंजांगहून ठरणार! "बाहेर सगळ्यांच्या संसाराच्या चाव्या तुमच्याकडे आहेतच, माझा ओटा तरी सोडा," असं मी बोलून गेले. तुम्ही नुसता चहा ढवळत राहिलात. बिनसाखरेचा चहा ढवळतं का कोणी? पण तुम्ही ढवळत होतात. तुमचा भाऊ पेपरात तोंड खुपसून बसला होता. मंडळात आमच्या चहाची टिंगल व्हायची, मुग्धा मैत्रिणींना घरी आणायची नाही. मी मात्र शेवटी हात टेकले आणि कडू चहाची सवय करून घेतली.

मग ती दुपार. कार्यक्रम संपवून आपण खाण्याच्या टपऱ्यांच्या त्या हॉकर सेंटरमध्ये नेहमीच्या टेबलावर बसलो होतो. तुमच्यापुढे तुमची ती दूध-साखर काही नसलेली काळी कोपी. त्या दिवशी एका बाईनं रेडिओवर विचारलं होतं की माझा नवरा मला हात लावत नाही, त्याचं बाहेर काही असेल का, आणि तुम्ही तिच्याशी इतकं मायेनं बोलला होतात की माझा बांध फुटला. मी म्हटलं, "वन्सं, तुमचा भाऊ मला किती वर्षांत शिवलेला नाही. बाहेर कोणी आहे का त्यांचं? तुम्हाला माहीत असेल तर सांगा. काय असेल ते सांगा."

तुम्ही कप खाली ठेवलात. इतकी वर्षं रोज काचेतून तुमचा चेहरा पाहत आले होते, पण तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"शुभा, हे मला विचारू नकोस. त्याला विचार."

"म्हणजे आहे काहीतरी."

"मी काही म्हणाले नाही. तुझ्या बाबतीत मला डॉक्टर होता येणार नाही."

"मग वन्सं व्हा!"

"तेही नाही होता येत गं," तुम्ही म्हणालात, आणि कॉफी तशीच टाकून उठलात.

वन्सं, मी तुमच्या मागून ओरडले होते. लोक बघत होते. अख्ख्या गावाला उत्तरं वाटता, आणि माझ्या वेळेला तोंडात मिठाची गुळणी? भाऊ आहे म्हणून? तुम्ही वळला नाहीत. पुढे कित्येक आठवडे आपण फक्त कार्डांवरून बोललो. मी लिहायची, काचेला लावायची, तुम्ही मान हलवायचात. तुम्ही मला बुओना व्हिस्टाच्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता पाठवलात, त्याही कार्डावरच. मी गेले. चिनी बाई होत्या, फार चांगल्या. त्यांनी विचारलं, "हाऊ लाँग हॅव यू फेल्ट धिस वे?" मी म्हटलं, "सिन्स लाँग," आणि पुढे माझं इंग्रजीच संपलं. नोकरीपुरतं, बसपुरतं, शाळेपुरतं होतं ना ते. रडायचं ते चुकीच्या जागी रडले, त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला, आणि मी थँक्यू म्हणून परत आले. तुम्हाला मराठीत सांगता येत नव्हतं, मला इंग्रजीत. अशा आपण दोघी अडकलो होतो.

आणि मग तुम्ही आजारी पडलात, आणि भांडायलाही वेळ उरला नाही. सगळं इतकं भराभर झालं. तुमच्या ब्लॉकसमोर त्या नव्या एलआरटी रेल्वेचे खांब उभे राहत होते आणि तुम्ही म्हणायचात, ही गाडी सुरू झाली की तुझ्याकडे यायला बस नको बदलायला. खांब पुरे झाले, गाडी यायची आहे. तुमचा भाऊ सुटी घेऊन आला. तो बाहेर कॉरिडॉरमध्ये नर्सशी बोलत होता तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. हातात ताकद नव्हती, पण सोडला नाहीत. "शुभा, मी एक पेशंट घ्यायला नको होता," तुम्ही म्हणालात. "ऐकून घेतलं ना मी, तिथेच चुकलं. माझ्याकडे बोलून तो मोकळा व्हायचा, मग दुसऱ्या कोणाशी बोलायची गरजच उरली नाही त्याला. मी गेल्यावर विचार. मी आहे तोवर त्याला मी आहेच." मला वाटलं औषधांची ग्लानी आहे, रेडिओवरच्या कोणाबद्दल तरी बोलताय. मी म्हटलं, "बरं बरं, पडून राहा." तुमच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य हे असं, परक्या माणसाला म्हणावं तसं.

तुम्हाला मूलबाळ नाही, भावोजी तर फार पूर्वीच गेलेले, तेव्हा तुमचं सगळं तुमच्या भावानंच केलं. अस्थी चांगीच्या पुढे समुद्रात सोडायच्या होत्या. एक छोटी बोट ठरवली. अस्थी सोडेपर्यंत पोटात काही घालायचं नाही ही तुमच्याकडची रीत, आणि एरवी कशातच देव न मानणारा माणूस त्या दिवशी हट्टाला पेटला. चहासुद्धा घेतला नाही. बोट उशिरा निघाली, ऊन वाढलं. कलश मांडीवर घेऊन ते बसले होते. आयुष्य समुद्रावर काढलेला माणूस, आणि एकाएकी अंगाला दरदरून घाम, हात थरथरायला लागले, ओठ पांढरे. मला वाटलं दुःखानं झालं. मी पाठीवरून हात फिरवत होते, "सांभाळा, सांभाळा" म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण मी त्यांना दिसत नव्हते. आणि जीभ जड झालेल्या आवाजात म्हणाले, "साखर… शुभा, साखर दे."

सहा वर्षं ज्या घरात साखर आली नाही, त्या घरातली मी बाई! माझ्या पर्समध्ये कुंकू होतं, रुमाल होता, आणखी काही नव्हतं. मुग्धानं तिच्या बॅगेतला शेवंतीच्या चहाचा खोका काढला, तो इथला गोड्ड पाण्यासारखा, नळी टोचली आणि बाबाच्या तोंडाला लावला. "ड्रिंक, बाबा, ड्रिंक लाह!" ओरडत होती आणि रडत होती. थोड्या वेळानं घाम ओसरला, डोळे ताळ्यावर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. कलश आता माझ्या हातात होता. म्हणजे मधोमध तुम्हीच होतात.

तिथेच, बोटीत, तुमच्यासमोर त्यांनी सांगितलं. सकाळी सवयीनं गोळी घेतली आणि वर उपास केला. गोळी कसली? साखरेची. कधीपासून? सहा वर्षं. बोटीवरच्या मेडिकलच्या आधी आठवडाभर भात सोडायचे, काहीबाही करून निसटायचे. कळलं असतं तर जहाज सुटलं असतं. मला सांगितलं असतं तर मीच सोडायला लावलं असतं, आणि खरंच लावलं असतं. म्हणून फक्त ताईला. "ताई दर वेळी म्हणायची, शुभाला सांग. मी म्हणायचो, पुढच्या सुटीत." एवढं बोलून ते थांबले. बाकीचं, सोफ्याचं, टीव्हीचं, ते त्यांच्या तोंडून आलं नाही, आणि इतके दिवस झाले तरी येत नव्हतं. पण ते मला कोणी सांगायला नको होतं. साखर माणसाचं काय करते ते मला पाठ होतं. किती वर्षं रोज दुपारी तेच तर ऐकत आले होते.

तुमचा फ्लॅट आवरायला गेले तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर माझा स्टीलचा डबा होता. आतली साखर तशीच, दमटपणानं दगड झालेली. तुम्ही त्यातली चिमूटभरही वापरली नव्हतीत. मी ओट्यापाशी उभी राहून तुमच्याशी मोठमोठ्यानं भांडले, वन्सं. शेजारची मलाय बाई दारात येऊन बघून गेली. एका वाक्याचं काम होतं. "शुभा, त्याला शुगर आहे." सहा वर्षं मी स्वतःला आरशात कुरूप म्हणून बघितलं, त्या माणसाच्या शर्टांचे वास घेतले, एका वाक्यानं ते सगळं टळलं असतं. पेशंटचं बाहेर बोलायचं नाही हा तुमचा नियम मला कळतो. तुम्ही बेइमान असता तर मी सुटले असते. तुम्ही इमानदार होतात, आणि माझा राग नेमका त्यावरच आहे. तो अजून गेलेला नाही, हे तुम्हाला सांगायलाच हवं.

मग गेल्या आठवड्यात स्टेशनवर तुमच्या वस्तू आणायला गेले. एसीतला तुमचा तो राखाडी स्वेटर, कप, चष्म्याची जुनी डबी. खोलीत कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी तुमच्या बाजूला बसले नव्हते, म्हणून तुमच्या खुर्चीत बसून पाहिलं. तुम्ही "शुगर फर्स्ट" म्हणताना दर वेळी मान वर करून काचेतून माझ्याकडे बघायचात. मला नेहमी वाटायचं माझ्या डोक्यामागे भिंतीवर घड्याळ आहे, तुम्ही वेळ बघताय. वन्सं, तुमच्या खुर्चीतून ते घड्याळ दिसतच नाही. माझ्या टेबलावरच्या दिव्याची झळाळी काचेत नेमकी तिथेच येते आणि घड्याळ तिच्यामागे जातं. तिथून दिसते ती फक्त माझी खुर्ची.

म्हणजे तुम्ही मला सांगत होतात. मला सांगायचं नाही म्हणून सगळ्या सिंगापूरला सांगत होतात, रोज, माझ्याकडे बघून. आणि मी कार्ड लिहीत होते! किती वाट पाहिली असेल तुम्ही, की आज हिच्या डोक्यात उजेड पडेल, आज ही घरी जाऊन त्याला विचारेल. तुमच्या खुर्चीत बसूनच मी तो स्वेटर हातात घेतला. तुमच्या स्वेटरला तुमच्या पावडरचा वास होता. तिथे मी तुम्हाला ताई म्हटलं. एकदा म्हटलं, मग पुन्हा म्हटलं, पण काचेपलीकडे कोणी नव्हतं.

काल दुपारी मी ओट्यापाशी भांडी विसळत होते. रेडिओवर तो बागवाला सुरू झाला होता, आणि कोणाचं तरी लिंबाचं झाड पुन्हा फळ धरत नव्हतं. तुमचा भाऊ हॉलमधून उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "ताईची वेळ झाली," म्हणाला. मी म्हटलं, हो. तो जाईना. दाराच्या चौकटीला हात लावून, एकदा माझ्याकडे, एकदा जमिनीकडे बघत, एवढा मोठा चीफ इंजिनिअर. "शुभा, ते… म्हणजे तुला वाटत असेल की मी… ताई म्हणायची, की हे…" सगळं मराठी संपलं त्याचंही. मीही काही सुचवू शकले नाही, कारण माझ्याकडे तरी कुठला शब्द होता? माझे हात साबणानं भरलेले होते. मला वाटलं, जणू मीच फोन लावलाय आणि पलीकडून कोणी उचलतंय.

मी हात पुसले आणि रेडिओ बारीक केला.

"आधी बसा," मी म्हटलं. "आता बोला."

वन्सं, खुर्ची ओढल्याचा आवाज आला.